तोंडातली शिट्टी

अमेरिकन फुटबॉलबद्दल वासंतीबाईंची मतं बरीच होती, पण त्यातलं सगळ्यांत पक्कं मत एकच: चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथाडणारा संघ भित्रा. रविवारी सकाळी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या लेकीच्या घरी, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून, चहा निवायच्या आत हे मत त्या एकदा तरी ऐकवायच्याच.

"चार वेळा संधी मिळते. दहा यार्ड पुढे जायचंय. तीन वेळात साडेनऊ गेलात, अर्धा उरला, आणि आता लाथ मारून चेंडू समोरच्याला दान? जा की अंगावर!"

"आई, चौथ्यांदा अडवलं तर समोरच्याला तिथल्या तिथे बॉल मिळतो," जावई म्हणायचा. "लांब किक केला तर त्याला लांबून यावं लागतं. परसेंटेजचा गेम आहे हा."

"टक्केवारी बँकेत बघावी, समीर."

समीरनं अमेरिकेत एमएस केलं होतं. तिथला शनिवार म्हणजे न्यूझीलंडचा रविवार, त्यामुळे त्याच्या विद्यापीठाचा सामना इथे नाश्त्याच्या वेळी लागायचा आणि तो कॉलेजचा विटका टीशर्ट घालून पूजेला बसल्यासारखा टीव्हीसमोर बसायचा. यजमान गेल्यावर वासंतीबाई पुण्याहून निवेदिताकडे राहायला आल्या, तेव्हा पहिले काही रविवार त्यांनी ही हेल्मेट घातलेली चेंगराचेंगरी नाक मुरडून पाहिली. मग एका सकाळी पोह्यांचा चमचा हातात तसाच राहिला. ही तर जमिनीची मारामारी होती! मध्ये रेषा, अलीकडे आपण, पलीकडे ते, आणि ते सगळे अंगावर येत असताना त्यांच्या अंगणात घुसायचं. बाईंनी पुण्यात मुलींच्या शाळेत पीटी शिकवली होती आणि उभी हयात कबड्डीच्या मैदानावर पंच म्हणून काढली होती. घुसणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून मतांना ऊत आला. कॉलेजचा खेळ व्यावसायिक खेळापेक्षा खरा, असं त्या म्हणायच्या, कारण कॉलेजचं पोरगं चुकलं की चूक त्याच्या तोंडावर दिसते. व्यावसायिक खेळाडूच्या हातून चेंडू सुटला, तरी तो जेवणाची सुट्टी झालेल्या कॅशियरसारखा शांतपणे बाकावर जाऊन बसतो. दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्या पोरांवर समीर चिडायचा, निष्ठा राहिली नाही म्हणायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. पुण्यातही मुली या मंडळातून त्या मंडळात जायच्याच. आणि प्रशिक्षक रातोरात नोकरी बदलतो तेव्हा त्याची निष्ठा कोणी काढत नाही, मग विशीतल्या पोरालाच का धरायचं? चेंडू फेकणाऱ्या देखण्या क्वार्टरबॅकचंही त्यांना कौतुक नव्हतं. त्यांचा जीव त्याच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पाच जाड्याभरड्या गड्यांवर.

"कबड्डीत कोपरे सांभाळणाऱ्यांसारखं यांचंही नाव पेपरात येत नाही," त्या म्हणत. "पण ते जरा सरकू देत, मग बघ हा राजपुत्र कसा माती खातो."

सोमवारी, म्हणजे अमेरिकेच्या रविवारी, व्यावसायिक सामने असायचे. समीर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून स्कोअर बघायचा. बाई घरी एकट्या अख्खा सामना बघायच्या आणि संध्याकाळी जेवताना त्याला दोन्ही संघांच्या चुकांचा पाढा वाचून दाखवायच्या.

एका गोष्टीवर मात्र सासू-जावयाचं कधीच जमलं नाही. तिकडचा पंच निर्णय दिला की मैदानाच्या मध्ये उभा राहतो, माइक सुरू करतो आणि अख्ख्या स्टेडियमला सांगतो, अमुक नंबरनं अमुक केलं, म्हणून इतका दंड. समीरला ते फार आवडायचं. बाईंचं डोकं फिरायचं.

"पंचानं खुलासा द्यायचा नसतो. खुलासा दिला की वादाला तोंड फुटलंच म्हणून समज."

"पण काय झालं ते लोकांना कळायला नको का, आई?"

"हात वर केला, संपलं. मी मैदानावर जन्मभर मिठाची गुळणी धरून उभी राहिले, माझं काही अडलं नाही."

हे बोलणं चाललेलं असताना स्वयंपाकघरात निवेदिताच्या हातून एखादं भांडं जरा जोरातच ठेवलं जायचं. बाईंचं तिकडे लक्ष नसे.

ऑक्टोबरात नात शाळेतून बातमी घेऊन आली. आरुषी शाळेत फ्लॅग फुटबॉल खेळायची. हे त्याच खेळाचं धाकटं भावंड. हेल्मेट नाही, धडका नाहीत, एका बाजूला पाच जणी. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला फिती. पळणारीची फीत खेचली की ती तिथेच थांबली. शर्ट धरायचा नाही, ढकलायचं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी हॅमिल्टनमध्ये मुलींची मोठी स्पर्धा होती आणि पंच कमी पडत होते.

"दे नीड हीप्स ऑफ रेफ्स, आजी," आरुषी म्हणाली. "यू येल ॲट द टीव्ही एनीवे."

वासंतीबाईंनी ताटातली भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, "मी जाणार."

समीर हसला. निवेदिता हसली नाही.

"आई, तुझा गुडघा."

"गुडघा माझा आहे."

"इथले लोक, इथला वारा, सगळं इंग्लिशमध्ये. कशाला पाहिजे तुला?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मी नऊ वर्षांची होते, आई. साताऱ्याला. सगळं मैदान 'पंच बदला' म्हणून ओरडत होतं. माझ्या मागे बसलेला माणूस तुला जे बोलत होता ना, त्यातले निम्मे शब्द मला कळत पण नव्हते. तू वळून सुद्धा बघितलं नाहीस."

"पंचानं प्रेक्षकांकडे बघायचं नसतं."

"माहितीये. परत येताना एसटीत पण हेच म्हणालीस. मी रडत होते आणि तू मला नियम सांगत होतीस."

बाईंना तो सामना आठवत होता, निर्णयही आठवत होता, आणि निर्णय बरोबर होता. शेजारी बसून रडणारी मुलगी मात्र त्यांना आज पहिल्यांदा दिसली. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण म्हणून माघार घेण्याचा त्यांचा पिंड नव्हता. इथे आल्यापासून त्या एकच वाक्य ऐकत होत्या. भाजी चिरते म्हटलं की, आई तू बस. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणते म्हटलं की, बाहेर वारा आहे, तू बस. बसून बसून माणसाचा सोफा होतो आणि वासंतीबाईंना सोफा व्हायचं नव्हतं. त्यांना मैदानावर उभं राहायचं होतं. बाकी या देशाकडून त्यांचं काही मागणं नव्हतं.

शेवटी निवेदितानं अट घातली. "एक दिवस. त्या दिवशी काही गडबड झाली, कोणी तुला काही बोललं, तर तिथल्या तिथे मी बॅग उचलणार आणि आपण घरी. परत हा विषय काढायचा नाही."

"अगं, पंचाला लोक बोलतातच."

"म्हणूनच तर."

बाईंनी शब्द दिला. आणि दिलेला शब्द त्या पाळतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पंचांचा वर्ग शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारी अरोहा एका शाळेत पीटीची शिक्षिकाच होती, वयानं निवेदिताएवढी, आवाज घंटेसारखा. ती बाईंना पहिल्या दिवसापासून 'फाएआ' म्हणू लागली. माओरीत आईच्या-मावशीच्या वयाच्या बाईला आणि शाळेतल्या बाईंनाही तसंच म्हणतात. वासंतीबाईंना ते लगेच पटलं.

"फाएआ, या खेळात शिट्टी सगळ्यांत शेवटी," अरोहानं सांगितलं. "फाउल दिसला की पिवळा रुमाल टाकायचा आणि गप्प राहायचं. खेळ पुढे चालू द्यायचा. ज्या संघावर अन्याय झाला तो कदाचित तसाच पुढे जाऊन गुण मिळवेल, मग त्याला दंडाची गरजच नाही. शिट्टी वाजली की चेंडू मेला. म्हणून शिट्टी तोंडात ठेवू नका. हातात ठेवा."

बाईंनी मान डोलावली. नियम त्यांनी तोंडपाठ केले, परीक्षाही उत्तम दिली. पण शिट्टीचं ते त्यांनी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. शिट्टी कशी धरायची, हे आता या वयात लेकीएवढ्या मुलीकडून शिकायचं? त्यांची शिट्टी पुण्याहून आलेली होती, तिच्यावर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या. ती तोंडात नसली की त्यांना कवळी घरी विसरून आल्यासारखं वाटायचं. कबड्डीत चढाई करणारीचा कपडा कोणी धरला की पंचाची शिट्टी त्याच क्षणी वाजलीच पाहिजे. विचार करायला वेळच नसतो. दात, शिट्टी आणि श्वास हे तिन्ही मिळून परस्पर निर्णय घेतात.

अरोहाला त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. "नातीच्या वयाच्या गटात मी उभी राहणार नाही. तिथे दुसरं कोणी द्या." अरोहा म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे.

स्पर्धेच्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि वारा मात्र टोपी उडवणारा. मैदानाच्या कडेला सॉसेज भाजायचा स्टॉल लागला होता. लहान मुलं जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन गवतावरून पळत होती आणि स्टॉलशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या माइकवरून कुणाची तरी पांढरी गाडी रस्त्यात उभी आहे, ती हलवा, असं सांगणं चालू होतं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून वासंतीबाई मैदानात उतरल्या, तेव्हा निवेदितानं घडीची खुर्ची कडेला मांडली आणि बॅग मांडीवरच ठेवली.

पहिले दोन सामने सुरळीत पार पडले. बाई गुडघा विसरल्या. खाली वाकून चेंडूची जागा बघताना, हात वर करताना, त्यांना वाटलं की आपण इतके दिवस कुठे होतो?

तिसरा सामना उपांत्य फेरीचा, निळ्या कपड्यांतल्या हॅमिल्टनच्या मुली आणि टौरंगा गावाहून आलेल्या नारिंगी कपड्यांतल्या मुली. निळ्या संघाकडे चार गुणांची आघाडी होती आणि वेळ संपत आली होती. टौरंगाची कर्णधार मारामा, सात नंबरची, सामना सुरू झाल्यापासून बाईंच्या नजरेत भरली होती. अंगानं काटकुळी, पण चढाई करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत असते ती नजर. तिनं चेंडू घेतला आणि ती उजव्या कडेनं निघाली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. तिसऱ्या निळ्या मुलीच्या हाती फीत लागेना, म्हणून तिनं मारामाचा शर्टच मुठीत धरला.

बाईंचा हात कमरेला गेला, पिवळा रुमाल हवेत उडाला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण दात, शिट्टी आणि श्वास यांनी वाट पाहिली नाही.

शिट्टी खणखणीत वाजली.

तोपर्यंत मारामा शर्ट सोडवून घेऊन निघाली होती. पुढे कोणी नव्हतं. ती शेवटची रेषा ओलांडून गेली, चेंडू छातीशी धरून वळली आणि बघते तर बाकी सगळ्या जणी जागच्या जागी उभ्या. शिट्टी वाजली होती, चेंडू मेला होता. जिच्यावर अन्याय झाला तिच्यासाठी वाजवलेल्या शिट्टीनं तिचेच गुण खाल्ले होते.

टौरंगाचा प्रशिक्षक आत धावून आला. "काय चाललंय काय? ही पंच इथलीच आहे ना? तुमचीच माणसं, तुमचेच पंच!"

बाईंचं इंग्रजी बेताचं, पण हे त्यांना कळलं. याला पुण्यात दोनच शब्द होते, 'घरचा पंच', आणि पंचाला याहून वाईट शिवी नाही. कडेला निवेदिता उठून उभी राहिली होती, बॅग खांद्याला. नारिंगी मुलींच्या आया काही काही ओरडत होत्या. जन्मभराच्या सवयीनं बाईंचे ओठ मिटले, मान ताठ झाली आणि नजर समोरच्या झाडावर जाऊन बसली. असं उभं राहिलं की थोड्या वेळानं लोक थकतात. साताऱ्यालाही थकले होते.

पण समोर मारामा उभी होती. ती ओरडत नव्हती. चेंडू हातात घेऊन ती फक्त बघत होती, काय झालं ते कोणीतरी सांगेल म्हणून. नऊ वर्षांची मुलगी मैदानाच्या कडेला बसून असंच बघत असेल का, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना तिथे तसं उभं राहवेना.

त्या तडक टेबलाकडे चालू लागल्या. पांढऱ्या गाडीवाल्याला शोधणाऱ्या माणसाच्या हातातून त्यांनी माइक घेतला. शिट्टी तोंडातून काढली. त्यांचा आवाज सुरुवातीला फुटला, मग लागला. शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलींशी बोलावं तसं तुटक, स्पष्ट इंग्रजी त्या बोलल्या.

"मी पंच. निळ्या मुलीनं सात नंबरचा शर्ट धरला. तो फाउल आहे. मी रुमाल टाकला, ते बरोबर. मी शिट्टी पण वाजवली. ते चूक. शिट्टी वाजली की खेळ थांबतो, म्हणून टचडाउनचे सहा गुण नाहीत. ते मी परत देऊ शकत नाही, नियमात बसत नाही. चूक माझी आहे. सात नंबरची नाही. निळ्या संघाची पण नाही. दंड म्हणून चेंडू पुढे जाईल, आणि वेळ संपली असली तरी नारिंगी संघाला एक डाव मिळेल."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. प्रशिक्षक कडेला गेला. भांडायला काही उरलंच नव्हतं. जे तो म्हणणार होता ते बाईंनीच म्हणून टाकलं होतं.

त्या एका डावात मारामाची फीत रेषेच्या अलीकडेच खेचली गेली. टौरंगा हरलं. अंतिम सामना गेला तो गेलाच.

बाई पाणी प्यायला आल्या तेव्हा निवेदितानं खुर्चीची घडी घातलेली होती.

"चल, आई."

"नाही."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडतेय." बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "आजपर्यंत कधी मोडला नाही, आज मोडतेय. निवू, आत्ता घरी आले तर ही चूक म्हणजे माझी शेवटची मॅच. ती मुलगी टौरंगाला हरून जाईल आणि मी सोफ्यावर बसून टीव्हीतल्या पंचांना नावं ठेवणार? माझं तोंड राहिलंय का आता त्यांना नावं ठेवायला?"

"तो माणूस तुला काय बोलला ऐकलंस ना?"

"ऐकलं. पहिल्यांदा बघितलं पण, त्या मुलीकडे. साताऱ्याला बघायला हवं होतं. लोकांकडे नाही, निदान तुझ्याकडे तरी."

बॅगचा पट्टा निवेदिता उगाच सारखा करत राहिली.

तेवढ्यात अरोहा आली. तिसऱ्या क्रमांकाचा सामना बाईंकडे ठरलेला होता, टौरंगा विरुद्ध दुसऱ्या उपांत्य सामन्यात हरलेला संघ, ईस्ट टामाकी. तिनं अडखळत विचारलं, "फाएआ, दमला असाल तर हा सामना दुसऱ्या कोणाला देऊ का? टौरंगाच्या लोकांनाही विचारून आले मी."

"काय म्हणाले?"

"प्रशिक्षक म्हणाला, कोणीही द्या. पण मारामा म्हणाली, त्याच हव्यात. म्हणाली, निदान त्या सांगतात तरी."

वासंतीबाईंनी गळ्यातली शिट्टी काढली. तिची दोरी उजव्या हाताच्या बोटांभोवती घट्ट गुंडाळली आणि शिट्टी मुठीत घेतली. तोंड रिकामं रिकामं वाटत होतं. "चला," त्या म्हणाल्या.

हा सामना त्यांना आधीच्या तिन्हींपेक्षा जड गेला. प्रत्येक डावाला जीभ शिट्टी शोधायची. दुसऱ्या सत्रात ईस्ट टामाकीची एक ठेंगणी मुलगी चेंडू घेऊन मधून सुटली आणि तिला अडवायला धावली ती मारामाच. फीत हुकली. मारामाच्या हाती शर्ट आला आणि सकाळी जे तिच्याबाबतीत झालं होतं तेच तिनं केलं, धरून ठेवला.

रुमाल उडाला. बाईंचे गाल फुगले, श्वास थेट ओठांपर्यंत आला आणि तिथे त्याला काहीच सापडलं नाही. मुठीतली शिट्टी तळव्यात रुतली. ठेंगणी मुलगी हिसका देऊन निघाली आणि धापा टाकत शेवटच्या रेषेपलीकडे गेली. मगच बाईंनी मूठ तोंडाशी नेली आणि शिट्टी वाजवली. दोन्ही हात वर. टचडाउन. ईस्ट टामाकीच्या कर्णधाराला दंड नको होता, गुणच हवे होते. बाईंनी तेही माइकवरून सांगितलं.

मारामा त्यांच्याजवळ आली. "सकाळी आम्हाला हेच मिळायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "मिळायला हवं होतं."

मारामानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि ती आपल्या जागी परत गेली. बाईंना रडू आलं असतं, पण चेंडूची जागा बघायची होती.

आता टौरंगा मागे होतं. त्यांच्या तीन डावांत चेंडू मध्यरेषेच्या अगदी जवळ आला आणि अडकला. या खेळात दहा यार्ड नाही, चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, मग नवे चार मिळतात. चौथा प्रयत्न, अर्धा यार्ड बाकी. जमलं नाही तर ईस्ट टामाकीला तिथूनच चेंडू. प्रशिक्षक कडेवरून हातवारे करत होता, सोडून द्या, लांब त्यांच्या टोकाला चेंडू देऊन टाका, मग अडवू. शहाणा सल्ला होता. समीरनंही हेच सांगितलं असतं. मारामा कंबरेवर हात ठेवून रेषेकडे बघत उभी होती.

वासंतीबाई तिच्यापासून दोन हातांवर होत्या, चेहरा दगडासारखा. पंचाला मत नसतं. त्यांच्या छातीत मात्र त्यांचं सगळ्यांत पक्कं मत उड्या मारत होतं.

आणि तेवढ्यात कडेवरून एक आवाज आला. त्या अख्ख्या मैदानावर ते शब्द समजणारी माणसं चार, आणि त्यातली दोघं, समीर आणि आरुषी, सॉसेजच्या रांगेत होती.

"अर्धाच यार्ड आहे! जा की अंगावर!"

निवेदिता ओरडत होती. घडी घातलेली खुर्ची तिनं परत उघडली होती आणि ती चक्क त्या खुर्चीवर चढून, बॅग पायाशी टाकून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती. बाईंना हे दिसलं नाही, नंतर आरुषीनं सांगितलं. बाईंनी फक्त आवाज ऐकला. पंचानं खेळ चालू असताना प्रेक्षकांकडे बघायचं नसतं आणि हा नियम त्यांना अजूनही मान्य होता. त्यांनी मान वळवली नाही. डोळे भरून आले होते, त्यातून त्यांनी रेषा धरून ठेवली.

मारामाला शब्द कळले नसणार, पण सूर कळला असावा. तिनं प्रशिक्षकाकडे पाठ फिरवली आणि चेंडू मागितला.

ती खाली वाकली, डावीकडे झुकल्यासारखं केलं आणि सरळ मधून घुसली. फीत खेचली गेली तेव्हा तिचा पुढचा पाय आणि छातीशी धरलेला चेंडू, दोन्ही मध्यरेषेच्या पलीकडे होते. वासंतीबाई धावत गेल्या, वाकल्या, नीट पाहिलं आणि मग मूठ तोंडाशी नेली.